फुलांपासून फुलांपर्यंत

पीट सीगर यांच्या ‘व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन’ या अमेरिकन गाण्याची कडवी पाच आणि गोष्ट चार ओळींत सांगून संपण्याजोगी. फुले कुठे गेली, असा पहिला प्रश्न आणि मुलींनी खुडून नेली, हे त्याचे उत्तर. मग मुली कुठे गेल्या, तर लग्न होऊन गेल्या. त्यांचे नवरे कुठे गेले, तर फौजेत. फौजेतले शिपाई दफनभूमीत गेले आणि दफनभूम्या फुलांनी झाकल्या गेल्या. म्हणजे गाणे फुलांपासून निघते आणि फुलांपाशी येऊन थांबते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक वेगळा प्रश्न येतो: ही माणसे शहाणी कधी होणार? बाकीच्या पाचही प्रश्नांना गाण्यात लगेच उत्तर मिळते, या प्रश्नाला मिळत नाही.

या गाण्यात ‘युद्ध’ हा शब्द नाही, ‘शांती’ हाही नाही. बंदूक नाही, शत्रू नाही, कोणत्याही देशाचे किंवा राजाचे नाव नाही. तरीही विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध शांतिगीतांत ते मोडते आणि रचले गेल्यावर सत्तर वर्षे होत आली तरी गायले जाते. त्या त्या युद्धाच्या विरोधात लिहिलेली कितीतरी जळजळीत गाणी युद्धाबरोबरच मागे पडली. हे का टिकले, याचे उत्तर त्याच्या घडणीत आणि ते ज्या ज्या हातांतून गेले त्या हातांत सापडते.

गाण्याचा उगम रशियातील डॉन नदीच्या काठी आहे. मिखाईल शोलोखोव यांची या नदीवरची विख्यात कादंबरी 1928 ते 1940 या काळात प्रसिद्ध झाली. तिच्या सुरुवातीच्याच भागात कोसॅक घरातला एक पाळणा येतो. तो सवालजवाबांचा आहे. घोडा कुठे, तर दाराबाहेर. दार कुठे, तर पाण्याने वाहून नेले. हंस वेतात शिरले, वेत मुलींनी कापून नेला, मुली नवऱ्याघरी गेल्या आणि कोसॅक लढाईवर गेले. बाळाला झोप लागावी म्हणून म्हटलेले हे गाणे आहे. घोडा, दार, हंस, वेत अशा घरच्या आणि परसातल्या गोष्टींवरून घरंगळत ते लढाईवर येते आणि तिथेच थांबते. ज्याला थोपटून झोपवले जात आहे, तोही मोठेपणी कोसॅकच होणार आहे. कादंबरी पुढे पहिल्या महायुद्धातून आणि रशियाच्या यादवीतून जाते, तेव्हा या पाळण्याचा अर्थ वाचकाला उमगतो.

सीगर यांनी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादातील या पाळण्याच्या तीन ओळी वहीत टिपून ठेवल्या होत्या. मूळ गाणे मिळवायचे आणि पाहायचे, एवढाच हेतू होता. ते राहून गेले. 1955 च्या ऑक्टोबरात ओहायो राज्यातील ओबर्लिन कॉलेजातील कार्यक्रमासाठी ते विमानाने निघाले होते. अर्धवट झोपेत असताना, बराच काळ लोटल्याचे सांगणारे दोन-तीन इंग्रजी शब्द मनात आले. ते गाण्यात कधीतरी बसतील असे त्यांना पूर्वीच वाटले होते. वहीतल्या तीन ओळी आणि हे शब्द एकमेकांना जुळले, शहाणपणाचा तो प्रश्न ध्रुपद म्हणून जोडला गेला आणि वीसेक मिनिटांत गाणे तयार झाले. चाल आपली आहे असे त्यांना वाटत होते. पुढे लक्षात आले की ती लाकूडतोड्यांच्या एका जुन्या गाण्यातून नकळत आली होती.

त्या वर्षी सीगर कोणत्या अवस्थेत होते, हेही पाहायला हवे. 1950 च्या सुमारास ‘द वीव्हर्स’ या चौकडीबरोबर ते अमेरिकेत घराघरांत पोहोचले होते. मग कम्युनिस्टांच्या शोधाची लाट आली, नावे काळ्या यादीत गेली, रेडिओ आणि दूरचित्रवाणी बंद झाली, चौकडी विस्कटली. 18 ऑगस्ट 1955 रोजी अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांना उभे केले गेले. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनात्मक हक्काचा आडोसा इतर अनेकांनी घेतला होता. सीगर यांनी तो घेतला नाही. आपली मते आणि आपले संबंध हा आपला खासगी प्रश्न आहे, असे सांगून त्यांनी उत्तरे नाकारली. आपल्या गाण्यांविषयी मात्र बोलायची तयारी दाखवली. 1957 मध्ये संसदेच्या अवमानाचा खटला उभा राहिला, 1961 मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली आणि मे 1962 मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. गाणे रचले गेले ते साक्षीनंतर दोनच महिन्यांनी. मोठी सभागृहे आणि स्टुडिओ बंद असलेला हा गायक तेव्हा बॅन्जो घेऊन कॉलेजे, शाळा आणि मुलांची उन्हाळी शिबिरे फिरत होता. त्याला गप्प करू पाहणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नाही की पुढच्या दशकातला श्रोता नेमका तिथेच बसला होता.

तेव्हा गाण्याला तीनच कडवी होती. पुरुष फौजेत गेले, इथे ते संपत होते, कोसॅक पाळण्यासारखेच. सीगर यांनी ते काही दिवस म्हटले, ध्वनिमुद्रित केले, आणि फारसे जमले नाही असे वाटून बाजूला ठेवले. पुढची दोन कडवी जो हिकरसन यांची. ओबर्लिनचे हे माजी विद्यार्थी लोकसंगीताचे अभ्यासक होते आणि पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकसंस्कृती संग्रहाचे प्रमुख झाले. 1960 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील एका शिबिरात ते मुलांना गाणी शिकवत होते. शिपायांपासून दफनभूमीपर्यंत आणि दफनभूमीपासून फुलांपर्यंत जाणारी कडवी त्यांनी त्याच वर्षी जोडली होती. साखळीचे दुसरे टोक पहिल्यात अडकले आणि वर्तुळ पुरे झाले. गाण्याचे मर्म आज ज्या ठिकाणी आहे, ती जागा मूळ कवीने लिहिलेली नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. सीगर यांनी ते नेहमी मोकळेपणाने सांगितले आणि मानधनाचा वाटा हिकरसन यांना दिला.

शिबिरातली मुले घरी परतली आणि गाणे न्यूयॉर्कच्या तरुण गायकांत पसरले. ‘द किंग्स्टन ट्रिओ’ने ते लोकगीत समजून मुद्रित केले. कवी हयात आहे, एवढेच नव्हे तर ओळखीचा आहे, हे कळल्यावर त्यांनी आपली नावे काढून घेतली. त्यांची तबकडी 1962 मध्ये बिलबोर्डच्या यादीत 21 व्या क्रमांकापर्यंत चढली. त्याच वर्षी ‘पीटर, पॉल अँड मेरी’ यांच्या पहिल्या संग्रहात ते आले. जोन बाएझ यांनीही ते गायले. त्या वर्षाच्या सुरुवातीला सीगर यांच्यावरची शिक्षा अजून अपिलात होती. ज्या दूरचित्रवाणीवर त्यांना येऊ दिले जात नव्हते, तिथे त्यांचे गाणे दुसऱ्यांच्या आवाजात पोहोचत होते. अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनाममध्ये उतरल्या त्या मार्च 1965 मध्ये. म्हणजे ज्या युद्धाशी हे गाणे लोकांच्या आठवणीत कायमचे जोडले गेले, त्याच्या दहा वर्षे आधी ते तयार होते.

आता त्याची घडण. एका कडव्यात प्रश्न तीन वेळा विचारला जातो, उत्तर एकदा येते, ध्रुपद दोनदा. तीन वेळा विचारलेल्या प्रश्नांच्या मधे काळ लोटल्याची आठवण येते, त्यामुळे उत्तर मिळेपर्यंत ऐकणारा थांबून राहतो. पुढच्या कडव्यात बदलतो तो एखाददुसरा शब्द, आणि तोही आधीच्या उत्तरातून हाती आलेला असतो. साहजिकच पाठांतर लागत नाही. पहिले कडवे ऐकलेल्या माणसाला दुसरे अर्धे येतच असते. गिटार शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला येणाऱ्या चार कॉर्डांवर सगळे गाणे चालते. शिवाय सीगर यांची गाण्याची रीतच अशी होती की पुढची ओळ ते आधी झरकन सांगून टाकत आणि मग सभागृह ती गात असे. कीर्तनात बुवांनी चरण टाकावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा, तसा हा प्रकार. त्यांच्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांत कित्येकदा गायकापेक्षा श्रोत्यांचा आवाजच मोठा ऐकू येतो, आणि तेच त्यांना हवे असे.

मागच्या उत्तराचे शेपूट धरून पुढचे कडवे उभे करण्याची ही युक्ती मराठी कानाला परकी नाही. भोंडल्यातले ‘अक्कणमाती चिक्कणमाती’ याच तऱ्हेने चालते: मातीवरून जाते, जात्यावरून सपीठ, सपिठावरून करंज्या, तबक, शेला, पालखी आणि शेवटी माहेर. तिथेही एकेक वस्तू कौतुकाने पुढे सरकते आणि शेवटी सासरचा जाच उघडा पडतो. लहान मुलींच्या फेरातले गाणे आणि घरातल्या मोठ्या दुःखाची गोष्ट एकाच साखळीत ओवलेली असते. कोसॅक पाळण्यातही तेच आहे. लोकगीतांना ही वाट फार पूर्वीपासून सापडलेली दिसते: जी गोष्ट थेट म्हणवत नाही, तिच्यापर्यंत ओळखीच्या वस्तूंच्या पायऱ्यांनी उतरत जायचे. सीगर यांच्या गाण्यात फुलांपासून दफनभूमीपर्यंत चारच पायऱ्या आहेत, आणि त्यांतली एकही अस्वाभाविक नाही. मुली फुले खुडतातच, लग्ने होतातच. फौजेत जाणेही त्याच ओघात, त्याच चालीवर येते. आवाज चढत नाही, सूर बदलत नाही. धक्का बसतो तो नेमका यामुळे.

सीगर यांच्याच दुसऱ्या एका गाण्याशी तुलना केली की ही गोष्ट स्पष्ट होते. 1967 मधल्या ‘वेस्ट डीप इन द बिग मडी’ या गाण्यात 1942 सालची लष्करी सरावाची गोष्ट आहे. एक कप्तान शिपायांना नदी ओलांडायला लावतो, पाणी चढत जाते, तो हट्टाने पुढे जात राहतो आणि बुडतो. रोख तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांवर आहे, हे कुणालाही कळण्याजोगे होते. सप्टेंबर 1967 मध्ये सीबीएस वाहिनीने ते कार्यक्रमातून कापले आणि ओरड झाल्यावर फेब्रुवारी 1968 मध्ये दाखवले. धाडसी आणि उत्तम बांधलेले गाणे आहे. पण आज ते समजून घ्यायला व्हिएतनामचा इतिहास हाताशी लागतो. फुलांच्या गाण्याला कसलीही तळटीप लागत नाही. त्या दिवसाचे काम ‘बिग मडी’ने अधिक नेमके केले असेल, आयुष्य मात्र फुलांच्या गाण्याला मिळाले.

यातच त्याच्यावरचा मुख्य आक्षेपही आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. युद्ध इथे ऋतूसारखे येते. ते कुणी पुकारले, कुणाचा त्यात फायदा, जबाबदार कोण, यातले काहीच गाणे विचारत नाही. वर्तुळ पुरे झाल्यावर तर हे सारे अटळच आहे असे वाटू शकते. फुले येणार, मुली खुडणार, मुले मरणार. मुलींच्या वाट्याला फुले आणि लग्न एवढेच, हीही त्या काळाची मर्यादा. आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्यात ध्रुपदाचा हिशेब धरलेला नाही. ध्रुपद वर्तुळाच्या बाहेर उभे आहे. ऋतूला कुणी ‘शहाणा कधी होणार’ असे विचारत नाही. तो प्रश्न ज्याला वागणे बदलता येते त्यालाच विचारला जातो. पाचही कडव्यांत हा प्रश्न करून गाणे सांगते की हे सारे माणसांचे करणे आहे. पण शहाणी व्हायची ती माणसे कोणती? इंग्रजी मुळात ‘ते’ आहेत. काही गायक शेवटच्या कडव्यात त्याजागी ‘आपण’ म्हणतात आणि एका सर्वनामाने सगळे गाणे श्रोत्याकडे वळते.

जर्मनमध्ये या जागी तिसरीच गोष्ट घडली. तो अनुवाद माक्स कोल्पेट यांचा. नाझी राजवटीमुळे परागंदा व्हावे लागलेले हे गीतकार. जर्मन भाषेत कुणा एकाला उद्देशून नसलेले, ‘माणसाने’ या अर्थाचे सर्वनाम आहे. त्यांनी ते वापरले. बोट कुणाकडेच दाखवले गेले नाही आणि सुटलेही कुणी नाही. हे शब्द मार्लीन डीट्रिच यांनी गायले, आणि ते गाण्याचा अधिकार त्यांच्याइतका क्वचितच कुणाला असेल. बर्लिनमध्ये जन्मलेल्या या अभिनेत्रीचे सावत्र वडील पहिल्या महायुद्धात गेले. हिटलरच्या राजवटीला त्यांनी पाठ फिरवली, 1939 मध्ये अमेरिकन नागरिकत्व घेतले आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैनिकांपुढे गायल्या. हे अनेक जर्मनांना पचले नव्हते. 1960 च्या जर्मनी दौऱ्यात त्यांच्याविरुद्ध निदर्शने झाली, परत जा असे फलक लागले. 1962 मध्ये युनिसेफच्या ड्युसेलडॉर्फमधील कार्यक्रमात त्याच देशात, त्याच भाषेत, त्यांनी फुले कुठे गेली हे विचारले. समोरच्या प्रत्येक घरातून कुणीतरी फौजेत गेलेले होते आणि बरेच परतले नव्हते. ज्या शिपायांविरुद्ध त्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्याच आयाबहिणी समोर होत्या. आरोप न करता आणि माफीही न देता म्हणता येईल असे दुसरे गाणे त्या प्रसंगाला सुचत नाही. जर्मन शब्द इंग्रजीपेक्षा गायला सरस आहेत, असे पुढे सीगर स्वतःच म्हणत.

मराठी भाषकांचा सीगर यांच्याशी परिचय झाला तो मुख्यतः दुसऱ्या गाण्यातून. ‘वी शॅल ओव्हरकम’ जगभर नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. गिरिजाकुमार माथुर यांनी त्याचे हिंदीत ‘हम होंगे कामयाब’ केले आणि ते महाराष्ट्रातल्या शाळांच्या समूहगानात कायमचे जाऊन बसले. फुलांचे गाणे मराठीत आणायचे, तर अनुवादकापुढे दोन जागा अवघड येतील. एक सर्वनामाची, पण तिथे मराठीच मदतीला येते. इंग्रजीतले ‘वी’ ऐकणाऱ्याला आत घेते की बाहेर ठेवते, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, आणि ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत आलाच. दुसरी जागा अधिक कठीण आहे. दफनभूमीवर फुले उगवतात, हा दुवा पुरण्याच्या चालीवर उभा आहे. जिथे बहुतेकांचे दहन होते आणि राख नदीत जाते, तिथे शेवटची कडी तुटते. लढाईत पडलेल्यांच्या नावे गावाच्या शिवेवर, देवळाच्या आवारात उभे केलेले वीरगळ महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. त्यांच्या पायथ्याशी उगवणाऱ्या रानफुलांनी ती कडी सांधता येईल. भाषेगणिक, मातीगणिक असा एखादा सांधा नव्याने बसवावा लागणे, हेही या गाण्याच्या पहिल्यापासूनच्या स्वभावाला धरूनच आहे. कोसॅक बायका, सीगर, हिकरसन, कोल्पेट या सर्वांनी तेच केले.

सीगर 27 जानेवारी 2014 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी गेले. त्याआधी वीस वर्षे, फेब्रुवारी 1994 मध्ये, हे गाणे एका अनपेक्षित जागी वाजले होते: नॉर्वेतील लिलेहामर येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये, बर्फावर. पूर्व जर्मनीत वाढलेल्या फिगर स्केटर कातारिना विट यांनी 1984 मध्ये पहिले सुवर्णपदक जिंकले होते ते सारायेव्होत, झेत्रा नावाच्या क्रीडागृहात. दहा वर्षांनी त्या पुन्हा स्पर्धेत उतरल्या तेव्हा सारायेव्होला वेढा पडला होता. 5 फेब्रुवारीला, ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या आठवडाभर आधी, तिथल्या बाजारात तोफगोळा पडून 68 माणसे मेली होती. पदकाची आशा नव्हती. त्या वेळच्या स्पर्धकांच्या उड्या विट यांच्यापेक्षा कितीतरी अवघड होत्या. त्या सातव्या आल्या. पण त्यांनी संगीत निवडले ते फुलांच्या गाण्याचे, आणि ते सारायेव्होला वाहिले.

तोवर झेत्रा तोफांच्या माऱ्यात उद्ध्वस्त झाले होते. शहराला वेढा असल्याने मृतांना पुरायला जागा उरली नव्हती, म्हणून शेजारच्या खेळाच्या मैदानावर थडगी खणली गेली होती. 1999 मध्ये क्रीडागृह दुरुस्त होऊन पुन्हा उघडले आणि बर्फावर पुन्हा मुले खेळू लागली. शेजारी ती थडगी आहेत.